बोट उठवायची तर

चाचा, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आखातात कंपनीची स्पीडबोट चालवायचे. परत आल्यावर त्यांनी रोह्याच्या खाडीत स्वतःची छोटी बोट घेतली. बोट उठवावी तर त्यांनीच. आधी नाक वर जातं, समोरचं काही दिसत नाही, मग नाक खाली बसतं आणि बोट पाण्यावरून सपाट पळायला लागते. चाचांच्या हातात हे इतकं अलगद व्हायचं की बोटीतल्यांच्या गप्पासुद्धा थांबायच्या नाहीत. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण त्या हाताचं कितीही करीन.

यंदा पेणच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, नजर अधू झालीय, आता बोट चालवणं बंद. मी त्यांच्याकडे शिकले होते, परवानाही काढला होता. बोट मला हवी होती. पण अम्मा हटूनच बसली, "बाईमाणसाचं काम नाय ते. विकून टाका."

ईद आली. धाकट्या बहिणीची सासरची पहिलीच, तेव्हा माहेरचा शिरकुर्मा पलीकडच्या काठाला पोचवायलाच हवा. चाचांनी मला सुकाणूवर बसवलं. अम्मा फुगून मागे, इंजिनाला टेकून, दोन्ही मामी तिच्या बाजूला आणि पातेलं पायाशी. आमच्याकडे मोठ्यांचा मान मागच्या जागेचा, कारण पुढे पाणी उडतं.

मी भीतभीत वेगाचं हँडल पुढे केलं. नाक वर गेलं ते तिथंच राहिलं. बोट ढुंगण घासत चालली, पातेलं सरकलं, अम्मा ओरडली, "थांबव गो, सांडंल सगळं!"

मी थांबवली. चाचा हळूच म्हणाले, "अर्ध्यावर हात ढिला केलास. आणि वजन सगळं मागं हाय. भाभींना पुढं घे."

"तुम्हीच सांगा ना."

"बोट तू चालवतेस का मी?"

मी मागे वळले. आजवर अम्माला जागेवरून उठवायची कुणाची छाती झाली नव्हती. "अम्मा, पुढं येऊन बस. पातेलं मांडीवर घे. मामी, तुम्ही पण." अम्मानं माझ्याकडे असं पाहिलं की बोट तिथंच बुडावी. पण आली.

नाक खाली दाबलं जावं म्हणून इंजिन पुरतं आत वाकवून घेतलं. मग हँडल एकसारखं, न थांबता पुढे रेटलं. नाक उचललं, मामी किंचाळल्या, हात ढिला करायचा मोह झाला. नाही केला. नाक खाली आलं, बोट हलकी झाली, तसा वेग थोडा उतरवला आणि इंजिन जरा बाहेर घेतलं. चाचा गालातल्या गालात हसत होते. एवढं सुख मला कशानंच झालेलं नाही.

पलीकडे विहीणबाई धक्क्यावर आल्या. पातेलं घेत त्यांनी विचारलं, "बोट विकताय म्हणे? आमचा भाचा घेईल."

अम्मानं ओढणी नीट केली. "नाय विकायची," ती म्हणाली. "पोरीला लागते."