जोडी फोडू नकोस

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी नाही. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली तरी वळसा घालत नाही, सरळ त्यावरून जाते आणि आईची बोलणी खाते. म्हणूनच हे लिहायला मला वर्ष लागलं...

मी ठाण्यात माजिवड्याला एका रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळते. आमचा सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर, पूर्वीच्या पॅन्ट्रीत आहे. सिंक अजून तिथेच आहे, नळ तेवढा काढलाय. दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादी त्या सर्व्हरवर असते. तो बसला की कुठेतरी एखादा पेशंट रक्तावाचून ताटकळतो.

तो सर्व्हर बसवला कांबळे सरांनी, आणि मला काम शिकवलं तेही त्यांनीच. सर खंडेनवमीला पूजा करायचे नाहीत, पण आदल्या दिवशी ब्रशने त्याची धूळ काढायचे आणि मला दम द्यायचे, "माळ घालायची तर कपाटाला घाल गं. झेंडूच्या पाकळ्या आतल्या पंख्यात गेल्या तर काढायला तुझा देव येणारे का?"

सरांनी सर्व्हरची मेमरी मिररिंगवर लावलेली. म्हणजे मेमरीच्या पट्ट्या जोडीने — जे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवरही. एक गेली तरी दुसरी काम थांबू देत नाही. फक्त वापरायला निम्मीच मेमरी मिळते.

सर रिटायर झाले आणि पुढे त्यांना विसरायचा आजार जडला. मी एकदा कल्याणला त्यांच्या घरी गेलेले. मला बघून म्हणाले, "बसा मॅडम." पुन्हा गेले नाही. झेपलं नाही मला, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी नवीन सॉफ्टवेअर आलं आणि सर्व्हर रखडायला लागला. मॅनेजर म्हणाले, "अर्धी मेमरी नुसती बसून खातेय. काढून टाक ते मिररिंग." मनाला पटत नव्हतं, पण वाद घालायचा कंटाळा केला.

रविवारी दुपारी, एकच्या सुमारास मी सर्व्हर बंद केला. सेटिंगमध्ये मिररिंग बंद केलं, सेव्ह केलं, चालू केला. चौसष्ट जीबी दिसायला हवी होती, दिसली बत्तीस. आत जाऊन बघते तर मिररिंग चालू! म्हटलं, सेव्ह करायला विसरले असेन. दुसऱ्यांदा बंद केलं आणि मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. पुन्हा बत्तीस. सेटिंग लक्षात ठेवणारा बोर्डावरचा सेल गेला असेल म्हणून सेल बदलला, सगळ्या सेटिंग नव्याने भरल्या. बाकी सगळ्या राहिल्या — ही एकच परत फिरली. दार बंद, खोलीत मी एकटी. आहे तसाच सोडला आणि मॅनेजरना सांगितलं, होत नाहीये. त्यांनी तोंड वाकडं केलं.

बुधवारी सकाळी एक पट्टी मेली.

नेमका त्याच वेळी डोंबिवलीच्या एका हॉस्पिटलचा फोन चालू होता. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नव्हता, गट दुर्मिळ. आमची ऑपरेटर यादी शोधत होती आणि तिला काही कळलंसुद्धा नाही. मला तेवढा अलर्ट आला, की पट्टी गेली, जोडीच्या पट्टीवर काम चालू आहे. घोडबंदर रोडचा एक दाता सापडला. बिचारा ट्रॅफिकमध्ये कार सोडून कुणाच्या तरी बाईकवर आला. बाई वाचली.

संध्याकाळी मी थेट कल्याण गाठलं. सरांना कळो न कळो, सांगायचं होतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, दार उघडलं आणि बघतच राहिल्या.

"अगं शुभांगी, तुलाच फोन करणार होते. रविवारी ह्यांना वरणभात भरवत होते, तर एकदम ताट सारलं. 'शुभांगी, जोडी फोडू नकोस' — तीनदा म्हणाले. ऑफिसात बोलायचे ना, तसा आवाज. वर्षभरात माझं नाव नाही गं घेतलं त्यांनी!"

"किती वाजता, काकू?"

"एकच्या बातम्या लागल्या होत्या."

मी मोबाईलमध्ये त्या स्क्रीनच्या फोटोची वेळ बघितली: एक वाजून दहा.

आत सर खुर्चीत बसले होते. "बसा मॅडम," म्हणाले. मी त्यांना पट्टीचं सांगितलं, बाळंतिणीचं सांगितलं. ते नुसते हसले. मग काकूंना हळूच विचारलं, "कोण ही?"

काकू त्यांच्या कानाशी वाकल्या. "तुमची शुभांगी. पंख्यात झेंडू घालायची ती."

काकू आमच्या ऑफिसात कधीच आलेल्या नाहीत. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, "रोज जेवताना सगळं सांगायचे गं. त्यांचं गेलं, माझ्याकडे आहे."

ती सेटिंग का फिरली, ह्याचं उत्तर सर्व्हरच्या कंपनीच्या इंजिनिअरकडेही नव्हतं. नवीन पट्टी घातल्यावर मी मुद्दाम मिररिंग बंद करून बघितलं, तर निमूट बंद झालं. लगेच चालू केलं. योगायोग म्हणायचं तर म्हणा, मला अजून काही सुचलेलं नाही.

आता मी दर रविवारी कल्याणला जाते. काकू सरांच्या गोष्टी सांगतात, मी ऐकून ठेवते. काकूंचंही वय झालंय.