झिलूनं उतरवलेलं वजन

कॅसलरॉकजवळच्या एका रेल्वे फाटकावर झिलूनं सात वर्षं काढली. दिवसाला चार गाड्या, मधल्या वेळात खाट. पूर्वी रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत असताना रुळाखालचे लाकडी स्लीपर खांद्यावर घेऊन घाट चढणारा हा गडी बसून बसून एकशे आठ किलोंचा झाला. शहाऐंशी सालच्या दिवाळीत ते फाटक बंद झालं. रेल्वेच्या साहेबांनी बजावलं, "टोळीत परत ये. पण आधी वजन उतरव. पावसाळ्याच्या आत जमलं नाही तर नोकरी विसर."

बायको केशर डोंगरातल्या शेतकऱ्याची लेक. ती म्हणाली, "भात कमी करा, गोड सोडा. पर कुळथाचं सार, अंडी, सुकी मासळी खावा. आनि रोज झऱ्यावरनं दोन घागरी आना."

"काम केलं की भूक लागते. आनि कुळीथ तर बैलाचं खानं."

"बैल वझं तरी वढतो!"

बायकोचं ऐकायचं तर मिशी कशाला ठेवली? झिलूनं लिंबूपाणी धरलं, दिवसाला दोन केळी, आणि खाट तर होतीच. उठायचा तो फक्त स्टेशनातल्या पार्सलच्या काट्यावर उभं राहायला. म्हादू पोर्टर आकडा असा ओरडायचा, जणू लिलावच चाललाय. वीस किलो गेले तेव्हा झिलूनं सगळ्यांना चहा पाजला. गालफडं बसली, दंडांची चिपाडं झाली, चड्डी सुतळीनं बांधावी लागली. तरी हा आकड्यावर खूश. गेलं ते पोटाचं की दंडाचं, हे काटा कशाला सांगेल? त्याला बटाट्याचं पोतं आणि माणूस सारखंच.

वैशाखात साहेब आले, त्यांनी काट्यावरचा आकडा बघितला. "शहात्तर! शाबास. आता हा स्लीपर उचल."

दुसऱ्या टोकाला उमाजी, झिलूचा जुना जोडीदार. त्याचं टोक खांद्याला लागलं. झिलूचं गुडघ्यापर्यंत आलं आणि स्लीपर धाडकन खाली. बोटं वाचली एवढंच.

"गड्या," उमाजी म्हणाला, "चरबी टाक म्हनलं तर तू हातबी टाकून आलास की!"

साहेब हसले नाहीत. "महिनाभर थांबतो. मग तुझ्या जागी दुसरा."

घरी केशरनं दयाही वाया घालवली नाही. साराची भरलेली वाटी पुढं ठेवली, बाजूला रिकामी घागर. "खावा आनि उठा."

पहिल्या दिवशी अर्धी घागर आणताना झिलू तीनदा बसला. झऱ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पंधरवड्यानं दोन भरल्या घागरी यायला लागल्या. पण काटाही तीन किलो वर गेला. झिलू पांढराफटक पडून घरी आला. "केशर, समदं वाया गेलं!"

"तो आकडा तुमच्या बदली घाटात जानार हाय का?"

ज्येष्ठात साहेब पुन्हा आले. या खेपेला उमाजीच्या जोडीनं स्लीपर खांद्यावर चढला. झिलूचे पाय वाकले, मानेच्या शिरा तटतटल्या. पण वीस पावलं चालून त्यानं तो दाखवल्या जागी ठेवला.

"उद्यापासून ये," साहेब म्हणाले.

उमाजी खांदा चोळत होता. "तुजा अर्धा वाटाबी मीच वाह्यला."

"वाह्यलास खरा," झिलू म्हणाला, आणि कुणी सांगायची वाट न बघता पुढच्या स्लीपरच्या जाड, जड टोकाशी जाऊन वाकला.