पुरणपोळी तेवढी शिल्लक

२००४च्या हिवाळ्यात मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला नवऱ्याच्या व्हिसावर रिकामी बसले होते, म्हणून लायब्ररीत म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेप करायचं बिनपगारी काम घेतलं. माझ्या वाट्याला ऐंशीच्या एक बाई आल्या. त्यांचे आजी-आजोबा कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकहून लाकूडतोडीच्या कामाला मिशिगनमध्ये आलेले.

“आम्ही फ्रेंच,” हे बाईंनी तासाभरात दहादा ऐकवलं. पुरावा काय, तर नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे अजून आजीच्या पद्धतीचा, खिमा भरून भाजलेला मीट-पाय होतो. मी म्हटलं, थोडं फ्रेंच बोलून दाखवा. एक वाक्य येईना.

त्या लहान असताना शाळेतून त्यांच्या आईला निरोप आला होता, घरात इंग्रजीच बोला. आईने ऐकलं. आजी त्याच घरात होती आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. “मरताना काहीतरी मागत होती. काय, ते मला कळलं नाही,” असं सांगून बाई चक्क हसल्या. “पण मीट-पाय आम्ही सोडला नाही हं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसल्या फ्रेंच? आजीला घरातल्या घरात मुकी केली, तिची रेसिपी तेवढी ठेवून घेतली आणि वर मिरवताहेत! बस येईपर्यंत मी थंडीत एकटीच धुसफुसत होते.

घरी सहा वर्षांची लेक शाळेत स्वतःबद्दल काय सांगायचं याची तयारी करत होती. “वी आर मराठी,” ती म्हणाली. “वी ईट पुरणपोळी.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. दोन वर्षांपूर्वी तिच्या टीचरने सुचवलं होतं, घरी इंग्रजी बोला, म्हणजे ती मागे पडणार नाही. आम्ही दोघं पुण्यात शिकलेले, मान डोलावून परत आलो. कोणी छडी उगारली नव्हती. दर रविवारी नागपूरहून माझी आई तिच्याशी बोलायला बघायची आणि ही दोन मिनिटांत फोन मला द्यायची. आई म्हणायची, “लाजते गं पोरगी.” मीही हो म्हणायचे.

त्या रविवारी मी फोन परत घेतला नाही. आई पलीकडून विचारत होती, “बाळा, थंडी फार आहे का गं तिथे? स्वेटर घालतेस ना?”

लेकीने फोनवर हात ठेवला. “व्हॉट इज शी आस्किंग?”

मी सांगितलं. इंग्रजीत.