आधी मका जाऊ द्या

"घाई नका करू. आधी मका जाऊ द्या, मंग गहू येते."

हे म्हणताना त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून नाकाशी धरलेले असायचे. डोळे मिटलेले. नव्या माणसाला वाटावं, गृहस्थ संध्येला बसले आहेत. तळहातावर असायचा बर्बन नावाच्या अमेरिकन दारूचा एक थेंब.

यवतमाळात आमची आणि त्यांची भिंत एकच होती. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे ते इंजिनियर. मी शाळेत शिकवत होते, आमचे हे बँकेत. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की शेजार चांगला आहे, फक्त काकाजी 'थोडे वेगळे' आहेत. वेगळे म्हणजे काय, ते पहिल्याच महिन्यात भिंतीवरून हाक आली तेव्हा कळलं. "बाई, या जरा. बाईमाणसाचं नाक खरं असते. फोडनी जळाच्या आधी कळते तुमाले."

आता तुम्ही भुवया उंचावाल. मास्तरीणबाई आणि दारू! पण त्या बैठकीत पिणं असं फार नव्हतंच. चहाच्या टपरीवरचे काचेचे छोटे ग्लास, त्यात तळाला टेकेल एवढी दारू, एका वाटीत पाणी आणि मध्ये ज्वारीच्या लाह्या. एक वास घेतला की चार लाह्या खायच्या, म्हणजे तोंड कोरं होतं. मग दुसरा ग्लास. कोणत्या ग्लासात काय आहे, ते फक्त काकाजींना ठाऊक.

शास्त्र त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. बर्बन मुळात मक्याची. मक्याच्या जोडीला बहुतेक कारखाने राय नावाचं तिकडचं धान्य घालतात. त्यानं ती तिखट होते, जिभेला मिरी लागल्यासारखी. काही थोडे मात्र रायच्या जागी गहू घालतात. ती मऊ होते. काकाजींचा जीव या गव्हाच्यांवर. रायची कोणती आणि गव्हाची कोणती हे ओळखायचं, आणि गव्हाच्यांतही कोणती कोणती ते सांगायचं, हा त्यांचा खेळ.

गव्हाच्या बाटल्यांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. गोड आणि लाघवी ती 'मावशी'. लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं राहून करडी झालेली ती 'मास्तर'. आणि एक 'पाहुणी', जी समोर असताना काही बोलायची नाही आणि गिळून झाल्यावर घरभर आठवत राहायची. आमचे हे दर वेळी छाती ठोकून सांगायचे, "ही मावशी!" आणि ती नेमकी रायची निघायची. काकाजी शांतपणे म्हणायचे, "साहेब, तुमी बँकच पाहा."

बाटल्या यायच्या कुठून? गल्लीतलं पोरगं कॉम्प्युटरच्या नोकरीला अमेरिकेला निघालं की आईबाप त्याला कळंबच्या चिंतामणीला घेऊन जायचे. दर्शनाहून परत आलं की काकाजी त्याला ओट्यावर बसवून बाटलीचं नाव पाठ करून घ्यायचे. पोरं दोनेक वर्षांनी यायची आणि बऱ्याचदा चुकीची आणायची. काकाजी कधी तोंड वाकडं करत नसत. "आनली ना बापा आठवनीनं," म्हणत आणि ती रायच्या रांगेत लावत. लाकडी कपाटात बाटल्या सगळ्या उभ्या. मी एकदा झाडताना एक आडवी केली तर धावत आले. "आडवी नाही ठेवा लागत, बाई! दारू बूच खाते."

एवढं प्रेम कशापायी, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, तरुणपणी यंत्रं शिकायला कंपनीनं त्यांना काही महिने अमेरिकेत धाडलं होतं. भाषा येत नाही, जेवण घशाखाली उतरत नाही, रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं. तिथल्या म्हाताऱ्या फोरमननं एका संध्याकाळी ओसरीत बसवून त्यांच्या तळहातावर हा थेंब टाकला आणि खुणेनंच घासायला सांगितलं.

"अन् बाई, मले माह्या मायच्या तव्याचा वास आला. पोळ्याच्या दिवसाचा. आमच्या घरी रोज भाकर, गव्हाची पोळी सनालेच. तो वास मले तिथं, इतक्या दूर, माह्या हातावर!" आणि त्यांनी लाह्यांची वाटी उगाच माझ्याकडे सरकवली.

या सगळ्यात काकू कुठे असायच्या? स्वयंपाकघरात. दार अर्धं लोटलेलं. त्यांनी नवऱ्याला कधी अडवलं नाही, पण त्या ग्लासांना हात लावला नाही. ते काकाजी स्वतः विसळत. मी बोलवायला गेले तर म्हणायच्या, "नाही वो बाई, मले तो वास सहन नाही होत." आणि कांदा चिरत बसायच्या. काकाजींना मूलबाळ नव्हतं, सवाल-जबाब करायला दोघंच. एवढं एक दार सोडलं तर त्या दोघांत मी कधी आडपडदा पाहिला नाही.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. पेपर उघडायला नको वाटायचा. जिनिंग पूर्वी होळीपर्यंत चालायचं, ते संक्रांतीलाच थंड पडायला लागलं. हमाली करणारी, सरकी काढायचे रेचे चालवणारी माणसं रिकामी झाली आणि आमच्या कोपऱ्यावरचं देशी दारूचं दुकान भरलं. शाळेतून येताना मी रस्ता बदलायला लागले. माझ्या वर्गातल्या पोरी मात्र त्याच दुकानातून बापाला हाताला धरून घरी न्यायच्या. त्यांना कुठला रस्ता बदलता येणार होता?

मागच्या वस्तीतल्या बेबीताईंनी तेव्हा पदर खोचला. त्यांचा नवरा जिनिंगमध्ये हमाल होता, आता दिवसभर दुकानापुढे. विहारात बाया जमल्या. सरकारी नियम असा होता, की वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायांनी 'आडव्या बाटली'च्या चित्रावर शिक्का मारला तर दुकान बंद. मत द्यायला आली नाही ती बाई 'उभ्या'च्याच पारड्यात. म्हणजे एकेकीला घरातून काढून आणावं लागणार. काकू पहिल्या दिवसापासून त्यांच्यासोबत उंबरे झिजवत होत्या. कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं बोलायला शिकल्या होत्या.

आणि मग दुकानवाल्याच्या माणसांना उत्तर सापडलं. ते वस्तीत सांगत सुटले, साहेबाच्या कपाटात अमेरिकेची चालते, गरिबाचीच तेवढी बंद करा. एके दुपारी बेबीताई काकूंच्या ओसरीवर आल्या. मी तिथंच होते. त्यांनी आडून काही विचारलं नाही.

"काकू, बाया मांगं फिरून राह्यल्या. म्हन्तेत, आधी तिच्या घरच्या आडव्या करा म्हना. मी काय सांगू?"

आत काकाजींनी ऐकलं होतं. ते 'मावशी' घेऊन बाहेर आले. लपवायचा त्यांचा स्वभावच नव्हता. "बेबीताई, हे पाहा. आमी पेत नाही, वास घेतो," म्हणत त्यांनी ताईंच्या हातावर थेंब टाकला, घासायला सांगितलं, आणि सवयीनं म्हणालेसुद्धा, "आधी मका जाऊ द्या."

बेबीताईंनी वास घेतला. "कायची हाय?"

"मक्याची. अन् त्यात गहू."

"गहू?" बेबीताई हाताकडे बघत राहिल्या. रागानं नाही, खरंच नवल वाटून म्हणाल्या, "बाप्पा! आमाले रांधाले पुरत नाही, अन् हे लोकं पेतेत?"

काकाजींकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असायचं. नसलं तर ते तयार करत. त्या दिवशी त्यांनी बुचाशी चाळा केला, ओसरीच्या खांबाला हात लावला आणि म्हणाले, "बायांना सांगा, तुमची आडवी झाली, का त्याच दिवशी माह्याही मोरीत जातीन. शब्द देल्ला तुमाले." काकूंनी एकदम मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं त्या खूश होतील. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

मतदानाच्या दिवशी काकाजींचा अवतार बघण्यासारखा होता. जुनी स्कूटर, मागे एक बाई, तिच्या मांडीवर लेकरू. घरोघर जाऊन बाया आणत होते, शाळेत सोडत होते आणि पुन्हा जात होते. एक म्हातारी स्कूटरवर बसायला भ्यायली तर स्कूटर ढकलत तिच्यासोबत पायी आले. स्वतःच्या कपाटाच्या मुळावर उठलेला माणूस एवढा घामाघूम झालेला मी दुसरा पाहिला नाही. आमचे हे म्हणाले, "काकाजी, जरा दमानं. थोड्या बाया राहू द्या घरी." काकाजी हसले, पण किक मारायचे थांबले नाहीत.

दुकान बंद झालं. गुलाल उधळला, बेबीताईंना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी होतं. त्याच संध्याकाळी काकाजींनी कपाट उघडलं. बघायला वस्तीतून बाया आल्या होत्या, पण काकाजींनी मोरीचं दार लावून घेतलं. एकेका बुचाचा आवाज मात्र ऐकू येत होता. बाहेर आले तेव्हा हात ओले होते. ते त्यांनी नाकाशी नेले नाहीत, सरळ टॉवेलाला पुसले. गल्लीत मोठा जिव्हाळ्याचा वास पसरला होता, गोड आणि भाजका. मोरी धुवायला मी बादली उचलली, तर काकू म्हणाल्या, "राहू द्या, बाई. सकाळी पाहतो मी."

पुढे वर्षभरात दुकानवाल्यानं नाक्यापलीकडे, वॉर्डाची हद्द संपते तिथं, दुसरं दुकान थाटलं. पिणारे तेवढे जास्त चालायला लागले. बेबीताईंच्या नवऱ्याचं चालणं काही सुटलं नाही. लोक काकाजींना डिवचायचे, "काय फायदा झाला? कायले सांडल्या?" नागपूरचा पुतण्या तर म्हणाला, दुकान उघडलं म्हणजे शब्दही सुटला, मी आणून देतो एक.

"दुकानाले नव्हता देल्ला मी शब्द," काकाजी म्हणाले. "बेबीताईले देल्ला."

बैठकी बंद झाल्या. कधी भिंतीपलीकडून हाक यायची, "बाई, लाह्या फोडल्या हाय, या." आम्ही नुसत्याच लाह्या खात बसायचो. मला त्या कोरड्या लागायच्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण एकदा काकू पोळ्या भाजत असताना मी काकाजींना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलेलं पाहिलं. नुसते उभे होते.

ते गेले ते झोपेतच. दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. काकू आल्या होत्या, बेबीताईही येऊन बाभळीखाली लांब उभ्या होत्या. पुतण्यानं पिंड ठेवला. कावळे आले, बसले, मान वाकडी करून बघत राहिले. शिवेनात. कुणी म्हणालं, काकूंना सांभाळू म्हणा. म्हणून झालं. कुणी म्हणालं, घराचं बघू म्हणा. तेही झालं. ऊन चढलं. काकाजींना काय हवं आहे, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं आणि काकूंसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

शेवटी पुतण्यानं पिशवीतून एक चपटी बाटली काढली. "काकू, रागवू नका. नागपुरात शोधून आनली. अमेरिकेचीच हाय, गव्हाची. दोन थेंब टाकू का?"

सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंनी पाहिलं बाभळीकडे. बेबीताई जवळ आल्या आणि काकूंचा दंड धरून म्हणाल्या, "टाका, काकू. माह्याकून शब्द सुटला. लय पाळला त्या मानसानं."

काकूंनी बाटली हातात घेतली. बूच काढलं. पण पिंडावर न टाकता एक थेंब आपल्या तळहातावर घेतला, दोन्ही हात सावकाश घासले आणि नाकाशी धरून डोळे मिटले. त्या घाई करत नव्हत्या.

मग डोळे उघडून त्यांनी बूच परत लावलं. "हे गव्हाची नाही. रायची हाय."

पुतण्या ओशाळला. "तुमाले कसं कळलं, काकू?"

"काहून नाही कळनार? जल्म गेला माहा त्या दारामांगं. नाक काय बांधून ठेवलं होतं का मी?" आणि पिंडाकडे वळून, घरात बोलावं तसं म्हणाल्या, "हे नका घेऊ तुमी. खरी भेटली का मीच आनतो. तवरिक दमानं घ्या."

कावळा शिवला. पण त्याच्याआधी आम्ही हसलो होतो. नदीवर, दहाव्याला, सगळे जण, बेबीताईसुद्धा तोंडाला पदर लावून. काकूही हसल्या. हसता हसता त्यांनी तेच दोन तळहात तोंडावर धरले, आणि काकाजी गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. कितीतरी वेळ त्यांनी ते हात काढले नाहीत.