फुसकेराव महाराजांचं कुलूप

सोनाळ्याच्या मारुती मंदिरात माझं प्रवचन एकदाच झालं. दुसऱ्यांदा ते होऊ नये, यावर गावात कमालीचं एकमत आहे.

मी जळगाव जामोदच्या एका शाळेत मराठी शिकवतो. पेपर आला की लोक आधी बाजारभाव बघतात, मी शेवटच्या पानावरचं व्यंगचित्र बघतो. त्यात फुसकेराव नावाचा एक ढेरपोट्या गृहस्थ रोज तीन चौकटींत स्वतःची फजिती करून घेतो. लोक हसतात आणि चहा पितात. मला मात्र त्यात वेदान्त दिसतो! फुसकेरावाची छत्री वाऱ्यानं उलटी झाली की मला वैराग्य येतं. (साबणाच्या जाहिरातीत मी एकदा चित्तशुद्धी शोधून काढली, तेव्हापासून शाळेत मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी कुणी डबा खात नाही.) आमची बायको सुनंदा तर म्हणते, "तुमाले फुसकेरावात देव दिसते, अन् घरातला रिकामा सिलिंडर काऊन दिसत नाई?"

सोनाळा ही माझी सासुरवाडी. तिथल्या सप्ताहाचे सर्वेसर्वा म्हणजे माझे सासरे, मामाजी. त्या वर्षी त्यांनी हट्टानं धाड गावाकडचे एक नामवंत महाराज बोलावले होते. मंडप गच्च भरला आणि फोन आला, जीप वाटेत बंद पडली. महाराज आता उद्या काल्याच्या कीर्तनालाच पोचणार! सगळं गाव मामाजींकडे बघू लागलं. मामाजी माझ्याकडे बघू लागले.

"जवाईबापू, तुमीच बसा आता गादीवर."

"मी? मामाजी, मले काय येते?"

"मास्तर हाय न तुमी! पोराईसमोर बोलता तसंच बोला. माह्या इज्जतीचा सवाल हाय."

सुनंदा हळूच कानाशी आली. "हे पाहा, काईबी सांगा. पन फुसकेराव काढू नोका. हात जोडते!"

गादीवर बसलो, माइक समोर आला आणि डोकं धुतल्या पाटीसारखं कोरं झालं. ओवी नाही, अभंग नाही. आठवलं ते फक्त सकाळचं व्यंगचित्र! (सोनाळ्यात पेपर वाचण्यापेक्षा पुड्या बांधायलाच जास्त लागतो.)

"मंडळी," मी खाकरून म्हणालो, "फुसकेराव नावाचे एक साधक होऊन गेले..."

समोर सुनंदानं पदर तोंडावर ओढला.

"एकदा त्यांच्या घराच्या कुलपाची किल्ली हरवली. दिवसभर शोधली. सापडेना, तेव्हा दगड घेऊन कुलूप फोडायला लागले. तेवढ्यात मागून बायको म्हणते, 'अहो, इकडून या की! आपल्या घराला भिंती कुठं आहेत?' नुसतं दार उभं होतं, मंडळी! चारी बाजूंनी मोकळं!"

लोक हसले, मग एकदम गप्प झाले. ती शांतता मला चढली! "ते दार म्हणजे मीपणा! ते कुलूप म्हणजे अहंकार! आजच काढून टाका ती कुलपं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी विचारलं, "ह्या महाराजाईची समाधी कुठी हाय?"

"उत्तरेकडे," मी म्हणालो. (उत्तर दिशा बरीच मोठी असते.)

एवढ्यात पुढच्या रांगेतून मामाजींच्या शेजारी राहणाऱ्या गोदाआजी काठी टेकत उठल्या. "म्या त्याईचं दर्शन घेतेल हाय! लहान होती मी तवा. लय तेज होतं तोंडावर!"

"फुसकेराव महाराज की..." कुणीतरी आरोळी ठोकली. "जय!" अख्खा मंडप गरजला. मीही म्हणालो, पण हळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी अंगणात प्रसन्न चेहऱ्यानं बसले होते.

"जवाईबापू, तुमचं पटलं आपल्याले. गोठ्याचं कुलूप काढून फेकलं. मन कसं मोकळं वाटून राह्यलं!"

"मामाजी, मनाचं ठीक हाय. पन म्हैस?"

"तेबी मोकळीच हाय!"

ही म्हैस म्हणजे गावातली नामांकित चोरटी. कुलूप होतं ते तिच्यासाठीच! मी चपला न घालता धावलो. मंदिरामागं महाप्रसादाच्या चुली पेटल्या होत्या, आणि बुंदीच्या परातीत तोंड खुपसून, डोळे मिटून आमची म्हैस उभी होती. एवढी एकाग्रता मी एकाही साधकात पाहिलेली नाही! आचारी झारा घेऊन ओरडत होता. मी शौर्यानं तिचं शेपूट धरलं. तिनं नुसता एक हिसका दिला, आणि मी बेसनाच्या घोळाच्या पातेल्यात जाऊन बसलो!

नेमकी तेव्हाच महाराजांची जीप आली.

"हे कोण?" महाराजांनी विचारलं.

"कालचे प्रवचनकार," मामाजी जमिनीकडे बघत म्हणाले.

सुनंदा धावत आली आणि चुलीजवळच्या पेपरच्या गठ्ठ्यातला कालचा पेपर घेऊन माझं तोंड पुसू लागली. पुसता पुसता थांबली. आचाऱ्यानं तिच्या हातात डोकावलं. "अबे, इकडं या! हे पाहा फुसकेराव!"

पेपर हातोहात फिरला. दार, कुलूप, दगड सगळं होतं. आणि समाधीस्थ महाराज, सुटलेली ढेरी, पट्ट्यापट्ट्याची चड्डी! मामाजींचे कान लाल झाले. मला पुन्हा पातेल्यात बसावंसं वाटलं.

गोदाआजींनी पेपर नाकाला लावून बघितला. "हेच ते!" त्या ठासून म्हणाल्या. "चड्डीबी हेच होती!"

सारं गाव खदखदून हसलं. मामाजी आधी दात आवळून उभे होते, मग तेही हसता हसता खालीच बसले. महाराजांनी मात्र तो पेपर नीट घडी करून खिशात ठेवला, आणि काल्याच्या कीर्तनात त्याच फुसकेरावावर, त्याच कुलपावर असे बोलले की बायामाणसांनी डोळे पुसले! प्रसादाला बुंदीऐवजी गूळ-शेंगदाणे मिळाले, तरी कुणी तक्रार केली नाही.

मी ते सगळं लांबून ऐकलं. मंडपामागच्या कडुनिंबाला म्हैस बांधली होती आणि मला तिच्याजवळ बसवलं होतं. सुनंदा पाणी घेऊन आली, तेव्हा मी जरा छाती काढून म्हणालो, "पाह्यलं? एवढं झालं तरी राखणीचं काम मामाजीनं माह्यावरच सोपवलं!"

"तुमच्यावर?" ती म्हणाली. "बाबा म्हने, दोघंबी एकाच झाडाखाली ठुवा, म्हंजे लक्ष ठेवाले एकच मानूस पुरते!"