पाच कोडी बारा पाणकावळे

सरकारला काहीही मोजायचं असलं की त्याला मास्तर आठवतो. मी माणसं मोजली, बकऱ्या मोजल्या, घराघरांतले संडास मोजले. यंदा जानेवारीत पक्षी मोजायला पाठवलं. बकरी निदान एका जागी उभी तरी राहते.

एकोडी गावाच्या बाजूला आमचा मामा तलाव आहे. माजी मालगुजारांनी बांधलेला, म्हणून मा-मा. वनखात्यानं तिथं पक्ष्यांच्या आश्रयस्थानाचा फलक लावला आणि त्यावर ‘शांतता राखा’ असं लिहिलं. ज्यानं खड्डा खणून तो फलक उभा केला, तो केवळराम तीस वर्षं त्याच काठावरून पक्ष्यांना आयमायवरून शिव्या देत आला होता.

केवळराम ढिवर. माशावर जगणारा माणूस आणि माशावर जगणारा पक्षी यांचं सोयरपण जुळणं कठीणच. पाणकावळे दिसले की त्याचं वल्हं आपोआप डोंग्याच्या काठावर आपटायचं आणि गळ्यातून ‘हुर्रऽऽ’ निघायचं. एकदा त्यानं हे झोपेत केलं आणि त्याची बायको बेबीबाई खाटेवरून खाली पडली. हे बेबीबाईच सगळ्यांना सांगते, तो कबूल करत नाही.

पण शत्रूची जितकी माहिती असते तितकी मित्राची नसते. नागपूरहून लोक हातभर लांब कॅमेरे घेऊन कमळपक्षी पाहायला यायचे, तेव्हा केवळराम त्यांना सांगायचा, "ह्या बाईले चार नवरे आहेत, बाप्पा. बाई अंडे देते अन् चालली जाते. नवरा बसते उबवत. पिल्लं पंखाखाली दाबून पळते बिचारा. असा नवरा आमच्या अख्ख्या गावात सापडाचा नाही." पुस्तकातही हेच आहे, फक्त तिथं हसू येत नाही.

पक्षीगणनेच्या प्रमुख दामिनी मॅडम. त्यांनी ठरवलं की या माणसाला वाटाड्या म्हणून नेमायचं, फोटोचं कार्ड द्यायचं. कार्ड छापूनही आणलं. अट एकच होती. गणनेच्या सकाळी सहा ते नऊ त्यांच्याशेजारी बसायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. मागच्या महिन्यात त्यांच्या एका फोटोच्या ऐन वेळी ‘हुर्रऽऽ’ झालं होतं.

नुसत्या माशांवर आता घर चालत नव्हतं. कार्ड मिळालं नाही तर केवळरामचं नागपूर ठरलेलं होतं. जावई मनिषनं तिथल्या एका बिल्डिंगीत फाटकावर बसायचं काम पाहून ठेवलं होतं, आणि सासऱ्याला घेऊन जायला तो त्याच दुपारी जेवायला येणार होता. बेबीबाईनं पिशवीसुद्धा भरली होती.

"फाटकावर बसून काय मोजू, गुरुजी? स्कुट्या?" केवळराम मला म्हणाला. "मी मरून जाईन तिकडं." तो हे गमतीत म्हणत नव्हता.

आता त्याची चूक ऐका. जावई येणार म्हणून त्यानं आदल्या संध्याकाळी जाळं टाकलं. ढिवर संध्याकाळी जाळं टाकतो आणि उजाडताना काढतो. हात सवयीनं चालतो, त्याला कोणी विचारत नाही. पण गणनेच्या दिवशी नऊपर्यंत डोंगा पाण्यात घालायचा नाही, हे त्या हाताला कुठं ठाऊक होतं?

साडेसहाला पाणकावळे आले. पाण्यावर आडवी ओळ धरून ते मासे पुढं रेटत आणू लागले, थेट केवळरामच्या जाळ्याकडं. मग एकेक जण बुडी मारायचा आणि जाळ्यात अडकलेला मासा उपसून वर यायचा. केवळरामनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. डोळ्यांदेखत हातभर रोहू एका चोचीत गेला, तेव्हा त्यानं गमछ्याचा बोळा तोंडात कोंबला. मला हसू आवरेना आणि दयाही येत होती.

तिकडं मॅडमची गणती चुकत होती. निम्मे पाण्याखाली, निम्मे वर, दर घटकेला वेगळाच आकडा. शेवटी त्यांनी कंटाळून कुजबुजत विचारलं, "किती असतील, भाऊ?"

केवळरामनं बोळा काढला. "पाच कोडी बारा," तो म्हणाला आणि बोळा परत आत गेला.

विसाची एक कोडी, म्हणजे एकशे बारा. आठच्या सुमारास सगळी जेवलेली मंडळी तलावातल्या वाळक्या बाभळींवर पंख सुकवायला बसली. मॅडमनी दोनदा मोजलं. एकशे बारा. चोर मोजताना माणूस चुकत नाही, एवढंच मी वहीत लिहिलं नाही. नऊ वाजता कार्ड त्याच्या गळ्यात पडलं.

घरी बेबीबाईनं जाळं पाहिलं. भोकं होती आणि मरळीचं एक डोकं होतं. "तुमी तिथंच बसून होता?" तिनं विचारलं.

"होतो."

"अन् पाहून राहिले होते?"

"मोजून राहिलो होतो."

जावयाला भात आणि लाखोळीचं वरण वाढलं गेलं. मलाही बोलावणं होतं, म्हणून मीही ते गिळलं. केवळरामच्या ताटात तिनं वरण वाढलंच नाही. जेवण झाल्यावर तो उठला आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेला. मी मागोमाग. तलावावर दुसरं कोणी नव्हतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि सकाळपासून अडवलेली ‘हुर्रऽऽ’ सोडली. सगळा तलाव उडाला. त्याचा चेहरा असा मोकळा झाला की मलाही बरं वाटलं.

मग मोजताना त्याचे ओठ हलायला लागले. बेशरमाच्या झुडपांतून एक जाडजूड पाणकावळा सगळ्यांच्या शेवटी, कसाबसा उठला. केवळरामनं फोन काढला.

"म्याडम, एक वाढवा. एकशे तेरा."

"कशावरून?"

मी हातानं खुणावलं की दिसला म्हणून सांग. मासा विकताना बोटाएवढ्याला वीतभर करणारा हा माणूस, पण म्हणाला, "उडवले अन् मोजले."

केवळरामनं कार्ड गळ्यातून काढून मुठीत धरलं.

"एकशे तेरा लिहिते," मॅडम म्हणाल्या. "आणि पुन्हा उडवलेत तर कार्ड मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

तो तिथंच मांडी घालून बसला. मागं बेबीबाई उभी होती, खांद्यावर फाटकं जाळं. कधी आली कोण जाणे. तिनं जाळ्याचं एक टोक त्याच्या मांडीवर टाकलं आणि दुसरं घेऊन समोर बसली.

"मनिष एकटाच गेला," ती म्हणाली. "धरा आता. कार्ड गळ्यात घाला, हात कामाले लागतीन."