निरफणसाखालचे कृमी

पुआनानी विचारल्याशिवाय झाडाखालचं कुजकं फळसुद्धा उचलत नसे. "नेऊ का?" असं मोठ्यांदा विचारायचं आणि उत्तराची वाट पाहत उभं राहायचं, ही तिच्या दरीतल्या माणसांची रीत. होनोलुलूच्या प्रयोगशाळेत कुजक्या फळांतले केसाहून बारीक गोलकृमी वेचण्यात तिचं अर्धं आयुष्य सरलं, तरी सवय सुटली नाही.

"किड्यांचीही परवानगी काढतेस का गं, ताई?" धाकटी हाउनानी चिडवायची.

"तुझ्यापेक्षा लवकर उत्तर देतात," ती म्हणायची.

यंदा तिने आईच्या घरामागच्या निरफणसाखालचे कृमी आणले. एका सकाळी थंड पेटीतून दोन बश्या काढल्या. प्रयोगशाळेतल्या जुन्या पिलावळीचे कृमी लगेच सरपटू लागले. दरीतले मात्र निपचित. तारेने डिवचलं, तरी ढिम्म. तिने हळहळून ती बशी टाकाऊ डब्यात ठेवली. दुपारी डबा रिकामा करायला गेली, तर बशीभर वळवळ चालली होती.

तिने एमिकोला हाक मारली. संशोधन एमिकोचं होतं.

"जनुकं दोघांतही तीच आहेत," एमिको खुशीत म्हणाली. "पण त्यांतली काही तुझ्या दरीतल्यांत जोरात काम करतात, ओरडतात म्हण ना; आपल्यांत नुसती पुटपुटतात. त्या सगळ्या गलक्यावर ठरतं थंडीनंतर कोण किती वेळ पडून राहणार. दोघांचा संकर केला ना, तर नातवंडांत कुणी चटकन उठेल, कुणी संध्याकाळी."

"आणि जे उठतच नाहीत?"

"बरेचसे उठत असतील गं. आपणच थांबत नाही."

पुआनानीने ती बशी डब्यातून उचलून परत टेबलावर ठेवली. आई अशीच गेली होती. ओढ्यावरून काकडत आली, आडवी झाली, ती हललीच नाही. आणि हल्ली थंड पाण्यात हात घातला की पुआनानीचीही बोटं कितीतरी वेळ उघडत नसत. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ती थेट बहिणीकडे गेली. हाउनानी पोईसाठी उकडलेला अळकंद कुटत होती.

"मी कधी निपचित पडले, तर मला पुरायची घाई करू नकोस. थांब."

"काहीतरीच. माणूस म्हणजे काय किडा आहे?"

"आईसाठी थांबलो होतो आपण?"

कुटणं थांबलं. "नदी चढत होती, ताई. रस्ता बुडायच्या आत उरकायचं होतं. बाबा तरी काय करणार?"

"मी फक्त विचारलं."

हाउनानीने बत्ता खाली ठेवला. हात पुसायलाही ती विसरली.

"आईच्या पेटीवर माती लोटताना मला खालून ठकठक ऐकू आली होती," ती म्हणाली. "बाबांना सांगितलं. ते म्हणाले, पाऊस वाजतोय पेटीवर."

"मग वाजत असेल."

"पाऊस केव्हाच थांबला होता, ताई."